शस्त्र आणि साक्ष : ‘ग्रॅन टोरिनो’ या चित्रपटाच्या निमित्ताने

डोळ्यांदेखत कुणावर अत्याचार होत असताना ज्याच्या हाती शस्त्र आहे अशा सामान्य नागरिकाने ते केव्हा उचलावे आणि केव्हा खाली ठेवावे, हा नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. आपल्याकडे तो बहुधा धर्मशिक्षणाच्या वर्गातच भेटतो, कारण आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी बंदूक असते. अमेरिकेत मात्र तो घरोघरचा प्रश्न आहे. १७९१ साली झालेल्या घटनादुरुस्तीने तेथे शस्त्र बाळगण्याच्या हक्काला मान्यता मिळाली. तो हक्क व्यक्तीचा की नागरी सेनेचा, यावर दीर्घकाळ वाद होत राहिला. अखेर जून २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला, की स्वसंरक्षणासाठी घरी पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा हक्क होय. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये क्लिंट ईस्टवूड यांनी दिग्दर्शित केलेला आणि त्यांचीच प्रमुख भूमिका असलेला ‘ग्रॅन टोरिनो’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट काही त्या निवाड्याला उत्तर म्हणून काढलेला नव्हता. परंतु हक्क सिद्ध झाल्यावर तो वापरायचा कसा, हा जो प्रश्न न्यायालयाच्या दाराबाहेर उरतो, त्याचा इतका प्रामाणिक शोध घेणारी दुसरी कलाकृती माझ्या पाहण्यात नाही.

चित्रपटातील भाषा अत्यंत शिवराळ आहे आणि वंशावरून केलेल्या अपशब्दांची त्यात रेलचेल आहे, तेव्हा लहान मुलांसमवेत तो पाहू नये. प्रौढांनी मात्र अवश्य पाहावा आणि पाहून झाल्यावर घरात त्याची चर्चा करावी, अशा योग्यतेचा तो आहे.

कथानक

वॉल्ट कोवाल्स्की हा पोलिश वंशाचा म्हातारा. तरुणपणी कोरियाच्या युद्धात लढलेला आणि पुढचे सारे आयुष्य फोर्डच्या मोटारकारखान्यात घालवून निवृत्त झालेला. पत्नी डोरोथी हिच्या अंत्यविधीच्या मिस्साने चित्रपट सुरू होतो. दोन्ही मुलगे संसारात रमलेले व मनाने दुरावलेले. वस्ती डेट्रॉईटच्या परिसरातली, एकेकाळी मोटारकामगारांनी गजबजलेली. जुने शेजारी निघून गेले आणि त्यांच्या घरांत मोंग कुटुंबे राहावयास आली. मोंग हे लाओसच्या डोंगराळ मुलुखातील लोक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकेला साथ दिली आणि १९७५ साली कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना निर्वासित व्हावे लागले. वॉल्टला त्यांचा इतिहास ठाऊक नाही आणि जाणून घेण्याची इच्छाही नाही. त्याच्या लेखी ते सारे कोरियातले शत्रूच.

शेजारच्या घरात थाओ हा लाजाळू मुलगा आणि सू ही त्याची हजरजबाबी बहीण राहतात. नात्यातलाच एक भाऊ चालवीत असलेली गुंडांची टोळी थाओला आपल्यात ओढू पाहते. टोळीत शिरण्याची परीक्षा म्हणून त्याने वॉल्टची प्राणप्रिय मोटार, १९७२ सालची ‘ग्रॅन टोरिनो’, चोरायची असते. चोरी फसते. पुढे घरच्यांच्या आग्रहावरून थाओ प्रायश्चित्त म्हणून वॉल्टकडे काम करू लागतो आणि त्या दोघांत बापलेकासारखे नाते जुळते. या साऱ्याच्या कडेला उभे असतात ते सत्तावीस वर्षांचे फादर जानोविच. वॉल्टला पापनिवेदनासाठी आणीन, असे वचन त्यांनी मरणोन्मुख डोरोथीला दिलेले आहे. वॉल्ट त्यांची मनसोक्त टिंगल करतो. ते मात्र येत राहतात.

शस्त्र उचलण्याचे प्रसंग

चित्रपटाची रचना नीट पाहिली तर वॉल्ट पुन्हा पुन्हा शस्त्र हाती घेतो आणि दर वेळी त्या कृतीचा नैतिक रंग वेगळा असतो, हे ध्यानी येते. माझ्या मते चित्रपटाचा सारा आशय या क्रमात साठवलेला आहे.

पहिला प्रसंग मोटारीच्या चोरीचा. अंधारात चाहूल लागताच वॉल्ट युद्धातली रायफल घेऊन गॅरेजमध्ये शिरतो आणि समोरच्या मुलावर रोखतो. तोल जाऊन तो पडतो आणि मुलगा निसटतो. येथे कुणाचा जीव धोक्यात नव्हता. धोक्यात होती ती एक वस्तू. नळीसमोर उभा असलेला मुलगाच पुढे त्याच्या उतारवयाचा आधार होणार आहे, हे त्या क्षणी त्याला कळणे शक्य नव्हते. वॉल्टचा तोल गेला म्हणून हे नाते जन्माला येऊ शकले, एरवी गोष्ट तिथेच संपली असती.

दुसरा प्रसंग हिरवळीवरचा. टोळी थाओला रात्री घरातून ओढून नेऊ पाहते. घरची माणसे झुंजतात आणि झटापट वॉल्टच्या अंगणात येते. वॉल्ट रायफल रोखून त्यांना आपल्या हिरवळीवरून चालते व्हायला फर्मावतो. गोळी न झाडता टोळी निघून जाते. दुसऱ्या दिवशी मोंग शेजारी फुले आणि अन्नपदार्थ आणून त्याच्या पायरीवर ठेवतात. गंमत अशी की वॉल्ट शेजाऱ्याला वाचवायला आलेलाच नव्हता, त्याला आपली हिरवळ वाचवायची होती. कृती योग्य होती, हेतू मात्र कोता होता. शेजाऱ्यांनी त्याला वाचवणारा मानले म्हणून तो हळूहळू तसा होऊ लागला. माणसाचे चांगुलपण पुष्कळदा असे बाहेरून आत येते, हे पटकथाकार निक शेंक यांनी फार हळुवारपणे दाखविले आहे.

तिसरा प्रसंग रस्त्याच्या कोपऱ्यावरचा. सूला तीन तरुणांनी घेरले आहे. तिच्याबरोबरचा मित्र निष्प्रभ ठरला आहे. वॉल्ट गाडी थांबवतो, आधी बोटांचीच बंदूक करून त्यांच्यावर रोखतो आणि मग खरे पिस्तूल बाहेर काढतो. सूला गाडीत बसवून तो निघून जातो. येथे त्याला आपले काहीच वाचवायचे नाही. वाचवायची आहे ती शेजारची मुलगी. हेतू आता कृतीच्या उंचीला आला आहे.

चौथा प्रसंग निर्णायक आहे. टोळीने कामावरून परतणाऱ्या थाओला मारहाण करून त्याच्या गालावर पेटती सिगारेट टेकवली आहे. वॉल्ट टोळीच्या घरी जातो, बाकीचे निघून जाईपर्यंत दबा धरून बसतो, एकट्या सापडलेल्या गुंडाला बेदम मारतो आणि तोंडावर पिस्तूल रोखून दम भरतो, की मुलाच्या वाटेला जाऊ नका. प्रेक्षागृहात या जागी टाळ्या पडाव्यात अशीच मांडणी आहे. १९७१ सालच्या ‘डर्टी हॅरी’पासून ईस्टवूड यांच्या हातातील पिस्तुलाला टाळ्या वाजविण्याची प्रेक्षकांना सवयच लागलेली आहे.

आणि लगेच त्या टाळ्यांची किंमत वसूल होते. टोळी रात्री शेजाऱ्यांच्या घरावर गोळ्यांचा वर्षाव करते. थाओ जखमी होतो. सूला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला जातो आणि रक्तबंबाळ अवस्थेत ती घरी परतते. ज्याने शस्त्र उचलले त्याला ओरखडाही उठत नाही. किंमत मोजली ती निःशस्त्र मुलीने. घरी येऊन वॉल्ट स्वयंपाकघरातील कपाटे मुठींनी फोडतो आणि अंधारात बसून रडतो.

थांबविणे आणि धडा शिकविणे

हिरवळीवरचा व कोपऱ्यावरचा प्रसंग एका बाजूला आणि चौथा दुसऱ्या बाजूला, यांत फरक कोणता? हाती शस्त्र तसेच, माणूस तोच, समोरचेही गुंडच. फरक एवढाच की आधीच्या दोन प्रसंगांत हिंसा घडत होती आणि ती थांबवायची होती. चौथ्या प्रसंगी हिंसा घडून गेली होती आणि वॉल्टला धडा शिकवायचा होता.

ख्रिस्तसभेच्या परंपरेने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. आरंभीच्या आचार्यांत एकमत नव्हते. संत ऑगस्टीन यांनी पुब्लिकोला यांना लिहिलेल्या पत्रात, स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेण्यास खाजगी व्यक्तीला मुभा देण्याचे नाकारले आहे. सैनिक किंवा राज्याचा अधिकारी यांचीच गोष्ट त्यांनी वेगळी ठेवली. त्यांचे गुरू संत अँब्रोज यांनी तर, सशस्त्र दरोडेखोरालाही सुज्ञ ख्रिस्ती माणसाने उलट प्रहार करू नये, असे म्हटले. मात्र त्याच ग्रंथात ते असेही सांगतात, की सोबत्यावर होणारा आघात रोखणे शक्य असून जो रोखत नाही, तो आघात करणाऱ्याइतकाच दोषी होय. स्वतःसाठी हात आवरावा, परंतु दुसऱ्यासाठी पुढे व्हावे, असा हा विचार आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला शिस्तबद्ध रूप दिले. एकाच कृतीतून दोन परिणाम निघू शकतात : जीवाचे रक्षण आणि हल्लेखोराचा मृत्यू. हेतू रक्षणाचाच असेल आणि वापरलेले बळ गरजेपुरतेच असेल, तर ती कृती निषिद्ध नाही. गरजेहून अधिक बळ वापरले की तीच कृती अन्याय्य ठरते. मारणे हाच हेतू धरण्याचा अधिकार खाजगी माणसाला नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणुकीचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हीच परंपरा पुढे नेतो. इतरांच्या जीवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्या बाबतीत असे संरक्षण हा केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्यही असू शकते, अशी जोड तो तिला देतो.

नागरी कायद्याची विचारसरणीही फारशी वेगळी नाही. ज्या मिशिगन राज्यात ही कथा घडते तेथील २००६ सालच्या कायद्यानुसार, मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार ओढवण्याच्या बेतात असेल आणि बळ आवश्यक आहे असे प्रामाणिक व सयुक्तिक कारणाने वाटत असेल, तर स्वतःच्या वा दुसऱ्याच्याही रक्षणासाठी प्राणघातक बळ वापरता येते. आपल्याकडे १८६० सालच्या भारतीय दंड विधानाने दुसऱ्याच्या देहाचे रक्षण करण्याचा हक्क दिला होता आणि त्याचबरोबर दोन कुंपणेही घातली होती : इजा गरजेहून अधिक नसावी, आणि पोलिसांकडे धाव घेण्याइतका अवधी असेल तेथे हा हक्क नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही या तरतुदी कायम ठेवल्या आहेत.

या कसोटीला वॉल्टचा चौथा प्रसंग उतरत नाही. दबा धरून बसण्याइतका ज्याला अवधी आहे, त्याला इतर मार्ग शोधण्याइतकाही अवधी होता. हे सारे पोथीतले झाले, असे कुणी म्हणेल. चित्रपटाचे सामर्थ्य हे की तो पोथी उघडत नाही. तो नियम मोडू देतो, त्याबद्दल आपल्याला टाळ्याही वाजवू देतो आणि मग सूला दारात आणून उभे करतो.

फादर जानोविच आणि दोन जाळ्या

धर्मगुरू या नात्याने फादर जानोविच यांच्या चित्रणाकडे माझे विशेष लक्ष जाणे स्वाभाविक आहे. हिरवळीच्या प्रसंगानंतर ते वॉल्टला विचारतात, की पोलिसांना का बोलावले नाही. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या वस्तीत पोलीस वेळेवर येत नाहीत आणि आले तरी कुणी तोंड उघडत नाही, तेथे तो पुरेसाही नाही. सूवरील अत्याचारानंतर ते पुन्हा येतात तेव्हा त्यांच्याजवळ उत्तरे उरलेली नसतात. ते वॉल्टच्या शेजारी बसून संतापतात आणि हतबल होतात. आरंभीच्या प्रवचनात मृत्यूविषयी पाठ केलेली वाक्ये बोलणारे हे फादर अखेरच्या प्रवचनात आपल्याला काही ठाऊक नव्हते हे कबूल करतात. धर्मगुरूचे इतके सच्चे चित्रण मुख्य प्रवाहातील चित्रपटांत क्वचितच आढळते.

शेवटच्या दिवशी वॉल्ट पापनिवेदनासाठी येतो. एका नाताळच्या मेजवानीत परस्त्रीचे घेतलेले चुंबन, एका विक्रीच्या नफ्यावर न भरलेला कर आणि मुलांशी न जुळलेले नाते, एवढेच तो सांगतो. कोरियाचा उच्चारही नाही. त्यानंतर तो सूडासाठी उतावीळ झालेल्या थाओला तळघरात कोंडतो आणि दाराच्या जाळीतून त्याला सांगतो, की कोरियात आपण शरण येऊ पाहणाऱ्या एका भेदरलेल्या पोराला ठार मारले आणि ते ओझे आजवर वाहत आलो. कॅथलिक प्रेक्षकाला ही दुसरी जाळी लगेच ओळखू येते. खरे पापनिवेदन येथे घडते, आणि ज्याचे हात अद्याप रक्ताने माखलेले नाहीत त्याच्यासमोर घडते. माणूस मारणे म्हणजे काय हे जाणणारा माणूस त्या मुलाला मारण्यापासून रोखतो. सिनेमातील शूरवीर आपल्या शिष्याला नेमबाजी शिकवतात. वॉल्ट थाओला ती शिकवत नाही, हे विसरू नये.

शेवट आणि त्यावरील आक्षेप

रात्री वॉल्ट टोळीच्या घरासमोर एकटा उभा राहतो. शेजारी खिडक्यांतून पाहू लागतील अशा मोठ्या आवाजात बोलतो, ‘नमो मरिये’ या प्रार्थनेला आरंभ करतो आणि कोटाच्या आत हात घालतो. गुंडांना वाटते पिस्तूल निघणार. ते गोळ्या झाडतात. क्रूसाच्या आकारात पडलेल्या त्या देहाच्या हातात फक्त लायटर असतो. या वेळी मात्र साक्षीदार आहेत, म्हणून सारी टोळी तुरुंगात जाते.

या शेवटाची प्रवचनांतून सहज स्तुती करता येईल. मला मात्र तीन शंका नोंदविल्यावाचून राहवत नाही.

पहिली अशी, की वॉल्टने त्या तरुणांना खुनाच्या पापात ओढले. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ साली आउश्विट्झच्या छळछावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करले, तेव्हा त्यांनी मारेकऱ्यांना चिथावले नव्हते. मरणाची शिक्षा आधीच ठरलेली होती. वॉल्टने सापळा रचला. त्याचे बलिदान थोर आहे, पण निर्मळ नाही. त्याच्या देहाला क्रूसाचा आकार देऊन दिग्दर्शकाने हा भेद पुसून टाकला आहे.

दुसरी शंका : वॉल्ट खोकताना रक्त ओकतो आणि त्याचे दिवस भरत आले आहेत, याची सूचना चित्रपट देतो. त्यामुळे त्याला प्रश्न सोपा झाला. ज्याच्या पदरी लहान मुले आहेत अशा धडधाकट बापाने त्या जागी काय करावे, याचे उत्तर येथे नाही.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वार्धात चित्रपटाचा आवाज सूचा आहे. वॉल्टला तीच घरात घेऊन जाते, आपल्या लोकांचा इतिहास समजावते, त्याच्या शिव्यांना हसून उत्तर देते. अत्याचारानंतर ती जवळजवळ मुकी होते. म्हातारा, मुलगा आणि फादर असे तीन पुरुष तिच्यासाठी काय करायचे यावर बोलतात. तिला काय हवे ते कुणी विचारत नाही, आणि पटकथाकारही विचारत नाही. पीडितेच्या नावाने शस्त्र उचलणाऱ्यांची आणि खाली ठेवणाऱ्यांचीही ही जुनी खोड आहे. याखेरीज कोपऱ्यावरच्या कृष्णवर्णीय तरुणांचे चित्रण साचेबंद आहे, हाही एक दोष.

साक्षीदारांची वस्ती

तरीही आपल्याकडील चित्रपटांशी तुलना करता ‘ग्रॅन टोरिनो’चे वेगळेपण जाणवते. ‘शोले’च्या (१९७५) मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या काळातील सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पडद्यावर ऐन वेळी पोलीस येऊन त्याला थांबवू लागले. कायदा तेथे बाहेरून चिकटवलेला होता. एन. चंद्रा यांच्या ‘अंकुश’मध्ये (१९८६) अत्याचारित मुलीचे गुन्हेगार पुराव्याअभावी सुटतात, ती आत्महत्या करते, चार बेकार तरुण गुन्हेगारांना मारतात आणि फासावर जातात. त्या चित्रपटातील प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. त्यातील सूड मात्र प्रेक्षकांच्या मनात न्याय म्हणूनच राहिला. दोन्हीकडे पुराव्याचा अभाव हेच मूळ दुखणे आहे. ‘अंकुश’चे तरुण त्यावर हत्येचा उपाय करतात आणि वॉल्ट पुरावाच निर्माण करतो.

त्या वस्तीत उणीव बंदुकांची नव्हती. टोळीजवळ बंदुका होत्या, वॉल्टजवळही होत्या. उणीव होती ती जे पाहिले ते पोलिसांसमोर सांगणाऱ्या माणसांची. आरंभीच्या ख्रिस्तसभेने हुतात्म्यासाठी जो ग्रीक शब्द वापरला त्याचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. वॉल्टच्या मृत्यूने घाबरलेल्या शेजाऱ्यांना साक्षीदार केले. परंतु त्याआधी, थाओच्या गालावर सिगारेट टेकवली गेली तेव्हाच, त्या रस्त्यावरील चार घरांनी एकत्र जाऊन तक्रार दिली असती, तर म्हाताऱ्याला मरावे लागले नसते आणि सूची ती रात्र कदाचित टळली असती. हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, पण पाहणाऱ्याच्या मनात तो ठेवून जातो.

आपल्या घरांत रायफली नाहीत. म्हणून शस्त्र केव्हा उचलावे हा वॉल्टचा प्रश्न आपल्यापुढे बहुधा येणार नाही. शेजारच्या घरातून बाईच्या किंकाळ्या ऐकू आल्या, आपल्या आळीतल्या मुलाला कुणी दमदाटी करताना दिसले आणि दुसऱ्या दिवशी पोलीस विचारपूस करीत दारात आले, तर काय करायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक धर्मग्रामात येतो. हिंसा घडत असता तिच्यात आणि बळी पडणाऱ्यात उभे राहावे, गरजेपुरतेच बळ वापरावे, आणि घडून गेल्यावर हात नव्हे तर तोंड उघडावे, इतके तरी या चित्रपटातून घेता येईल. शेवटच्या गोष्टीसाठी परवाना लागत नाही. धैर्य मात्र पिस्तूल रोखण्याहून पुष्कळदा अधिक लागते.